छताखाली डोक्यावर काय ठेवावे, काय उतरवावे

सोलापुरात कोणाच्या घरी, कचेरीत किंवा सभागृहात शिरताना डोक्यावरचे काढावे की तसेच ठेवावे, अशी शंका आली तर ते मानासाठी घातले आहे की बचावासाठी, एवढे आधी पाहावे. फेटा, पटका आणि पांढरी टोपी मानाची असते. हेल्मेट, कानटोपी आणि पारा चाळिशीपलीकडे गेला की डोक्याला गुंडाळलेला पंचा हे गरजेपुरते असते. मानाचे आतही डोक्यावर राहते, गरजेचे उंबऱ्यावर उतरवावे.

आत आल्यावर पुरुषाने हॅट काढणे ही युरोपीय रीत आहे. आपल्याकडे नेमके उलटे होते: वडीलधाऱ्यांपुढे बोडक्या डोक्याने जाणे अनादराचे, किंबहुना अशुभ मानले जाई, आणि म्हणूनच न्यायमूर्ती रानडे किंवा लोकमान्य टिळक यांच्या छायाचित्रांत पगडी दिसते. इंग्रजी शिक्षण आणि नोकऱ्यांबरोबर उघडे डोके हळूहळू रुळले. आज ते कोणालाही खटकत नाही, आणि त्यात वावगे काही नाही. मात्र त्यामुळे काही तरुण यजमान अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याहून आलेल्या आजोबांना ‘टोपी काढून निवांत बसा’ असे प्रेमाने सांगतात. हेतू चांगला असला तरी असे सांगू नये. त्यांना काढायची असेल तर ते स्वतः काढतील. आपण फक्त ती ठेवायला स्वच्छ जागा द्यावी, कारण कोणाचीही टोपी जमिनीवर किंवा चपलांजवळ ठेवणे हा खरा अपमान आहे.

लग्नात टॉवेल-टोपीचा आहेर झाला तर टोपी तिथेच डोक्यावर घालून घ्यावी. आधीची टोपी असल्यास ती उतरवून हातात धरावी आणि मिळालेली टोपी घडी करून लगेच खिशात टाकू नये. देणारा समोरच उभा असतो. हल्ली वऱ्हाडातल्या सगळ्यांना, स्त्रियांनाही, फेटे बांधतात, ते जेवणाच्या पंगतीत काढले तरी चालतात.

हुतात्मा स्मृती मंदिरात नाटकाला मानाचा नियम थोडा बाजूला ठेवावा लागतो. उंच तुऱ्याचा फेटा असेल तर मागच्या रांगेचा विचार करून तो उतरवावा किंवा कडेची खुर्ची घ्यावी. बँकेत आणि एटीएममध्ये हेल्मेट, तोंडाला बांधलेला रुमाल किंवा स्कार्फ दारातच काढावा; तिथे चेहरा दिसणे सुरक्षेसाठी आवश्यक असते.

प्रार्थनास्थळी मात्र तिथलीच रीत पाळावी. सिद्धेश्वराच्या दर्शनाला टोपीवाले आणि उघड्या डोक्याचे एकाच रांगेत असतात. दर्ग्यात आणि गुरुद्वारात डोके झाकायचे असते, त्यासाठी मोठा रुमाल जवळ ठेवावा. चर्चमध्ये पुरुषांनी टोपी दारातच काढून हातात घ्यावी.