मका तुऱ्यावर आलाय, आता पाण्याची पाळी चुकवू नका

जूनअखेर पेरलेला मका मघा नक्षत्राच्या आसपास तुऱ्यावर येतो, म्हणजे शेंड्याला नर फुलांचा तुरा फुटतो. सिल्लोड-कन्नडपासून येवला, मालेगाव, जळगावपर्यंतच्या पट्ट्यात नेमका याच वेळी पाऊस दडी मारतो. हलक्या रानातला मका दुपारी पानं गुंडाळतो आणि संध्याकाळी उलगडतो, म्हणून आपण आणखी चार दिवस आभाळाकडे बघत बसतो. पीक लहान असताना हे एक वेळ चालून जातं. पण तुरा बाहेर पडल्यापासून कणसाचं केसर, म्हणजे तोंडाशी दिसणारा रेशमी केसांचा झुपका, वाळेपर्यंतचे दहा-बारा दिवस फार मोलाचे आहेत. कणसात दाणे किती, हे या दिवसांत ठरतं. पुढे पाणी दिलं, खत दिलं, तर धरलेला दाणा पोसतो. न धरलेला येत नाही.

एक कोवळं कणीस हळूच सोलून बघा. प्रत्येक केस एकेका दाण्याच्या जागेपासून निघालेला दिसेल. जितके दाणे व्हायचे, तितके केस. तुऱ्यातून पडलेला परागकण केसाच्या बारीक लवेला चिकटला, की थोड्याच वेळात त्याला एक नळी फुटते. ती परागनलिका. ही नळी केसाच्या आतून खाली खाली वाढत जाते आणि साधारण एका दिवसात, वीतभर अंतर तोडून, बुडाशी असलेल्या बीजांडापर्यंत पोचते. पिठाच्या कणाएवढ्या परागातून निघालेली नळी एवढा पल्ला गाठते! ती पोचली तर दाणा, नाही पोचली तर कणसावर रिकामी खाच.

ओल कमी पडली की पहिला फटका केसराला बसतो, कारण केस म्हणजे बहुतेक पाणीच. तुरा आपल्या दिवशी येतो, केसर मात्र मागे रेंगाळतं. तुऱ्यातून पराग आठवडाभरच सांडतो, तोही मुख्यतः दव उडाल्यावर, सकाळी नऊ ते अकराच्या सुमारास. कणसाच्या बुडाकडचे केस आधी बाहेर येतात आणि शेंड्याचे सगळ्यांत शेवटी. ते येईतो पराग संपलेला असतो. शेंडा मोकळा राहिलेली कणसं आपण पाहतो त्यामागे अनेकदा हे कारण असतं. शेंड्याचे धरलेले दाणे नंतरच्या ताणाने सुकतात, तेही एक कारण आहेच. बियाण्याला दोष देण्याआधी त्या दिवसांत पाणी कधी दिलं होतं ते आठवा.

विहिरीत एकाच पाळीपुरतं पाणी असेल, तर माझं स्पष्ट मत आहे: ते केसर दिसू लागताच द्या. सगळ्या रानाला पुरत नसेल तर एकाआड एक सरी भिजवा. तुषार संच असेल तर तो सकाळी लावू नका, दुपारनंतर किंवा रात्री चालवा. ओला तुरा पराग सोडत नाही. तशीच रोजची सकाळची पावसाची सर आली तरी घाबरायचं कारण नाही, उघडलं की तुरा पुन्हा पराग सोडतो. भारी काळ्या रानात मात्र पाणी साचू देऊ नका, चर काढून वाट करून द्या. मुळं गुदमरली तरी केसराचे हाल तेच.

दाणा धरला की नाही, हे कणीस भरायची वाट न बघता कळतं. केसर बाहेर पडल्यावर आठवड्याने रानातल्या पाच-सहा ठिकाणची कणसं घ्या. चाकूने सालपटं उभी चिरून अलगद काढा, केस तुटू देऊ नका. मग कणीस आडवं धरून हलकेच झटका. फलन झालेल्या जागेवरचा केस दोन-तीन दिवसांत सुटतो, तो गळून पडेल. फलन न झालेला केस घट्ट धरून राहील. बहुतेक केस गळाले तर निश्चिंत व्हा. अर्ध्याहून जास्त चिकटून असतील आणि केसर अजून ओलं, ताजं असेल, तर त्याच दिवशी पाणी सोडा. शेजारचा उशिराचा मका पराग टाकत असला तर काही दाणे अजून धरतील. केसर वाळलंच असेल, तर त्या तुकड्याचा मुरघास (मुरवलेला हिरवा चारा) करण्याचा विचार आताच करा.

लष्करी अळी या अवस्थेत कणसाच्या तोंडाशी केसर कुरतडते. केस पराग मिळायच्या आधी बुडापासून कापला गेला तर त्या दाण्याची वाटच तुटली. तुरा आल्यावर रासायनिक फवारणी सहसा परवडत नाही आणि उंच पिकात नीट पोचतही नाही. सकाळी फेरी मारून अळ्या हाताने वेचा. जैविक कीटकनाशक फवारायचंच असेल तर संध्याकाळी फवारा.

मधुमका (स्वीट कॉर्न) लावणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. परागनलिकेतून दोन पुंपेशी, म्हणजे नर पेशी, उतरतात. एकीपासून अंकुर होतो, दुसरीपासून दाण्यातला गर. नावाशिन या शास्त्रज्ञाने १८९८ साली लिलीच्या फुलात हे दुहेरी फलन दाखवलं. आंब्याचा गर आईच्या झाडाचा असतो, मक्याच्या दाण्यातल्या गरात मात्र बापाचाही वाटा येतो. म्हणून शेजारच्या साध्या मक्याचा पराग मधुमक्यावर पडला, तर त्याच हंगामात दाणे पिठूळ निघतात आणि व्यापारी भाव पाडतो. दोन्हींचा फुलोरा किमान पंधरा दिवस मागेपुढे येईल अशी पेरणी धरा. बांधाला एकच लांब ओळ लावण्यापेक्षा चार-पाच ओळींचा चौकोनी तुकडा करा, पराग वाऱ्यावर जातो आणि एकट्या ओळीचा निम्मा तर बाहेरच उडतो.

पोळ्याच्या सुमारास चारा कमी पडला की तुऱ्यासकट शेंडे खुडून जनावरांपुढे टाकायची घाई होते. केसर तपकिरी होऊन वाळेपर्यंत थांबा. त्यानंतरही कणसावरची पानं राहू द्या, दाणा त्यांच्याच जिवावर भरतो.