कुणाचा ब्रश कुठला?

रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, बघायला पाहुणे इंदूरला आले की मोरीतल्या एकाच पेल्यात दात घासायचे सात-आठ ब्रश, त्यात तीन निळे!

महाराणी रोडवर विजेच्या सामानाच्या दुकानात वायरवर चढवायची रंगीत हीट-श्रिंक (गरम झाली की आकसणारी) नळी मिळते. दांडी आत सैल जाईल एवढीच रुंद घ्या, प्रत्येकाला वेगळा रंग.

१. बोटभर तुकडा दांडीच्या खालच्या टोकावर चढवा.
२. तेवढंच टोक उकळत्या पाण्यात धरा, नळी आवळून घट्ट बसते.

आजीच्या ब्रशला या नळीचीच दोन अरुंद कडी घाला, चष्म्याशिवायही बोटांना कळतं. दोरा मात्र बांधू नका, ओला राहून कुबट होतो. आणि लायटर अजिबात नको, ज्योतीने दांडीच वितळू शकते.