व्हेपची कॉइल कोरडी का जळते आणि तिच्या धातूचं काय: एका हीटरवाल्याचा सल्ला

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत माझं हीटर बनवण्याचं छोटं युनिट आहे. तार गुंडाळायची, नळीत सोडायची, मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर ठासून भरायची, टोकांना टर्मिनल काढायचे, शेवटी मेगर लावून इन्सुलेशन बघायचं, हा रोजचा उद्योग. निफाडचा पारा घसरला की बादलीत टाकायचे जळालेले रॉड घेऊन माणसं येतात. कारण बहुतेक वेळा एकच असतं: पाणी उकळून कमी झालं, रॉड उघडा पडला आणि बटण चालूच राहिलं.

माझा भाचा इंग्लंडात लेस्टरला असतो. सिगारेट सुटावी म्हणून तिथे त्याने व्हेप धरला, म्हणजे द्रव तापवून त्याची वाफ ओढायची ई-सिगारेट. एकदा व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "मामा, तुझं कामच कॉइलचं आहे. मध्येच जळकट झुरका येतो, घसा सोलून निघतो. आणि ही तार तापल्यावर धातू पोटात जात असेल का रे?" प्रश्न दोन असले तरी मूळ एकच आहे. ओली तार फारशी वाकड्यात शिरत नाही, कोरडी शिरते.

पुढचं सगळं त्याच्यासारख्या परदेशातल्या, आधीपासून सिगारेट ओढणाऱ्या प्रौढ माणसांसाठी. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठा, जाहिरात सगळ्यावर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही (साठ्याची शिक्षा वेगळी). त्यामुळे नाशिकला येताना बॅगेत घालून आणू नये, आणि कॉलेज रोडवर कुणी गुपचूप विकत असेल तर घेऊ नये. तसल्या मालातली तार कुठली आणि द्रव कुठला, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आणि जो काहीच ओढत नाही त्याने हे धरायचं काही कारण नाही.

आता जळकट झुरका. व्हेपच्या टाकीतल्या कॉइलभोवती कापसाची वात असते. वात द्रव शोषते, तार तो उकळवते. द्रवात मुख्यतः दोन गोष्टी: प्रॉपिलीन ग्लायकॉल, उकळबिंदू १८८ अंश सेल्सियस, आणि ग्लिसरीन, २९० अंश. द्रव पोहोचत असेपर्यंत विजेची उष्णता वाफ करण्यात खर्च होते आणि तार त्याच टप्प्यात राहते. वात सुकली की उष्णतेला जायला जागा उरत नाही. तारेचं तापमान क्षणात उसळतं, कापूस करपतो आणि उरलेला द्रव उकळण्याऐवजी फुटतो. त्यातून फॉर्मल्डिहाइड, ॲसिटाल्डिहाइड आणि ॲक्रोलिन तयार होतात. करपलेल्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो, तो याच ॲक्रोलिनमुळे.

तेव्हा पहिलं काम: जळकट चव आली की थांबायचं. "अजून एक ओढून बघू" हे नाही. चव हाच तुमचा कटआउट, म्हणजे वीज तोडणारा खटका आहे. २०१५ साली यावर मोठा वाद झाला होता. अमेरिकेतल्या संशोधकांनी एका उपकरणाची वाफ तपासली. ३.३ व्होल्टला फॉर्मल्डिहाइडची संयुगं सापडली नाहीत, ५ व्होल्टला भरपूर सापडली. त्यावर फार्सालिनोस या ग्रीक डॉक्टरने दाखवलं की इतक्या ताकदीवर सवयीच्या माणसाला कोरडा झुरका लगेच कळतो आणि तो तोंडातून काढतो. मला दोन्ही बाजू पटतात. यंत्र ओढतच राहतं, माणूस थांबू शकतो. पण थांबला तरच.

थांबल्यावर टाकी बघायची. इंग्लंडात नियमाने टाकी २ मिलिलिटरपेक्षा मोठी नसते, म्हणजे ती पटकन संपते. कॉइलच्या बाजूला वातीची भोकं असतात, द्रव त्यांच्या वर हवा. एक तृतीयांश उरला असताना गादीवर आडवं पडून ओढलं तर एका बाजूची भोकं उघडी पडतात. भाच्याचं निम्मं दुखणं एवढंच निघालं.

टाकी भरलेली असूनही चव जळकी असेल तर कॉइल नवी आहे का ते आठवा. नवी कॉइल बसवण्याआधी भोकांवर आणि मधल्या कापसावर द्रवाचे चार-पाच थेंब सोडायचे. मग टाकी भरून दहा मिनिटं तशीच ठेवायची. त्यानंतर बटण न दाबता दोन-तीन हलके झुरके, आणि सुरुवात कॉइलवर छापलेल्या खालच्या वॅटपासून. ही दहा मिनिटं थांबायला फार लोक तयार नसतात. कापूस एकदा करपला की त्याची चव जात नाही, ती कॉइल टाकूनच द्यावी लागते. धुऊन, वाळवून, पुन्हा भरून बघू नका. धुण्याने करपलेला कापूस परत पांढरा होत नाही.

नंतर वॅट. समजा कॉइल ०.८ ओहमची आहे आणि वर १२ ते १६ वॅट लिहिलंय. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम, एवढंच गणित. ३.५ व्होल्टला १५ वॅट होतात, ४.२ व्होल्टला २२. काही साध्या उपकरणांत वॅट ठरवायची सोय नसते, बॅटरीचा व्होल्टेज थेट कॉइलला मिळतो. म्हणून चार्जिंगवरून नुकतंच काढलं की चव जळकी आणि संध्याकाळी ठीक, असं होतं. अशा वेळी जास्त ओहमची कॉइल घ्या. वॅट बदलता येत असतील तर खाली आणा, आणि दोन झुरक्यांत थोडा वेळ जाऊ द्या, वातीला परत भिजायला अवधी लागतो.

द्रवाचा जाडपणाही बघा. ग्लिसरीन ७० टक्के असलेला द्रव दाट असतो, तो मोठ्या भोकांच्या, कमी ओहमच्या कॉइलसाठी. बारीक भोकांच्या कॉइलला निम्मं-निम्मं मिश्रण बरं. लेस्टरच्या थंडीत हाच द्रव आणखी घट्ट होतो, म्हणून बाहेर जाताना उपकरण आतल्या खिशात ठेवायचं. कधी भरताना टाकीत हवा अडकते आणि द्रव खाली सरकतच नाही. वरचं झाकण थोडं सैल करून परत आवळा, टाकी हळूच तिरकी करा. बुडबुडे वर आले की वाट मोकळी झाली.

आणि गोड द्रव. त्यातला सुक्रालोज तारेवर काळपट खरवड धरतो, आपल्याकडे बोअरच्या पाण्याचे क्षार गिझरच्या रॉडवर चढतात तसाच. थर चढला की उष्णता द्रवापर्यंत नीट जात नाही. कॉइल आठवड्यात काळी पडत असेल तर कॉइलवाल्याला शिव्या देण्याआधी चवीची बाटली बदलून बघा.

आता धातू. इथे मी घरच्या मैदानावर आहे. कॉइलची पहिली तार कांथल, म्हणजे लोखंड, साधारण २२ टक्के क्रोमियम आणि पाच-सहा टक्के ॲल्युमिनियम. हा मिश्रधातू स्वीडनच्या हालस्टाहामारचा. भट्टीत ही तार १४०० अंशांपर्यंत चालते, कारण तापल्यावर तिच्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडची चिवट साय धरते. नायक्रोम म्हणजे ८० टक्के निकेल, २० टक्के क्रोमियम, अमेरिकेत मार्शने १९०६ साली पेटंट घेतलेला. तो लवचिक राहतो. कांथल एकदा लाल तापली की ठिसूळ होते, वाकवली की मोडते. तिसरी ३१६ एल स्टेनलेस, तिच्यात निकेल १० ते १४ टक्के. तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, त्यावरून चांगलं उपकरण तापमान ओळखून वीज तोडतं. वात सुकली तरी करपण्याआधी बंद. माझं मत विचाराल तर टाकीत मी हीच तार आणि तापमान नियंत्रण चालू ठेवीन.

शुद्ध निकेल आणि टायटॅनियम या तारा फक्त तापमान नियंत्रणावरच चालवायच्या, नुसत्या वॅटवर नाही. टायटॅनियम लाल होईपर्यंत तापवलं तर वर पांढरट टायटॅनियम डायऑक्साइड येतो, आणि ती पूड छातीत घ्यायची वस्तू नाही. खोटं कानातलं घातलं की ज्यांची कानाची पाळी चिघळते, त्यांना निकेल सोसत नसण्याची शक्यता असते. त्यांनी नायक्रोम टाळून निकेल नसलेली कांथल घ्यावी.

तरी धातू अजिबात जात नाही असं मी म्हणणार नाही. २०१८ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी ५६ जणांची उपकरणं तपासली. बाटलीतल्या द्रवापेक्षा वाफेत आणि टाकीतल्या द्रवात क्रोमियम, निकेल, मँगनीज आणि शिसंही जास्त निघालं. हीटरच्या तारेत शिसं नसतं. माझा संशय सांध्यांवर आहे: सोल्डरने डाग दिलेली जागा, पितळी पिन. पितळ सहज कापलं जावं म्हणून त्यात शिसं घालतात, हे आमच्या लेथवाल्यालाही माहीत असतं. त्यामुळे तारेचं नाव कुठे छापलेलंच नाही अशी स्वस्त कॉइल घेऊ नका. द्रव टाकीत आठवडेच्या आठवडे पडू देऊ नका. गडद झाला किंवा तोंडात नाण्यासारखी चव आली, की द्रव आणि कॉइल दोन्ही बदला.

हाताने कॉइल वळणाऱ्यांना एकच सांगणं. कापूस घालण्याआधी कमी वॅटवर थोडी थोडी वीज देऊन बघा, तार मधून बाहेर सारखी तापतेय का. एका जागी ठिणगीसारखा लाल ठिपका दिसला तर वेढे तिथे नीट बसलेले नाहीत. वीज बंद करून, तार गार झाल्यावर चिमट्याने वेढे सारखे करा. यासाठी तार पांढरीफटक होईपर्यंत तापवायची गरज नसते, मंद लाली पुरे. नंतर पाण्याखाली धरून वाळवा, मगच कापूस. आणि निकोटिनची बाटली लहान मुलांच्या हाताला लागेल अशी कुठेही ठेवू नका. थेंब हातावर सांडला तर लगेच साबणाने धुवा, निकोटिन कातडीतूनही आत जातं.