जुन्या रिव्हॉल्व्हरचं टायमिंग बिघडलंय? या चुका टाळा

आजोबांच्या परवान्यावरचं, नंतर वारसाहक्काने आपल्या नावावर आलेलं जुनं स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हर. घोडा चढवला की सिलिंडर जागेवर बसल्याचा 'टक्' आवाज येत नाही, म्हणजे टायमिंग (सिलिंडर वेळेत जागेवर बसणं) बिघडलंय. लगेच निदान होतं : "हँड घासला." हँड म्हणजे चापाला जोडलेली ती छोटी पट्टी, जी सिलिंडरच्या मागच्या दातांना ढकलून काडतुसाचं पुढचं घर नळीसमोर आणते. ती घासते हे खरं, पण दर वेळी दोष तिचाच असतो असं नाही.

तपासणीआधी रिव्हॉल्व्हर रिकामं आहे ना, हे सहाही घरं डोळ्यांनी पाहून आणि बोटाने चाचपून ठरवा. जिवंत काडतुसं त्या खोलीतही नकोत.

सगळ्यात जास्त घडणारी चूक म्हणजे घोडा झटक्यात चढवून बघणं. वेगामुळे सिलिंडर स्वतःच्या जोरावर खाचेत जाऊन बसतं आणि दोष झाकला जातो. सिलिंडरवर बोट अगदी हलकं टेकवा आणि अंगठ्याने घोडा मुंगीच्या चालीने मागे घ्या. घोडा पूर्ण चढण्याआधी सिलिंडर स्टॉप (सिलिंडरला जागेवर अडवणारी खिट्टी) खाचेत पडायला हवा. हे सहाही घरांना करा, मग चाप हळू ओढूनही करा. सहाही घरं उशिरा येत असतील तर संशय हँडवर. एकदोनच येत असतील तर त्या घरांचे दात बघा, कारण प्रत्येक दात वेगळा झिजतो.

यात एक मेख आहे, आणि ती माहीत नसल्याने चांगले हँड उगाच बदलले जातात. पुंगळ्या बाहेर काढणारी चांदणी, जिच्यावर हे दात असतात, जुन्या स्मिथमध्ये दोन बारीक पिनांवर बसते. तिथे झीज असेल तर रिकाम्या सिलिंडरमध्ये चांदणी किंचित फिरते आणि टायमिंग मागे पडल्यासारखं वाटतं. घरांत डमी काडतुसं किंवा वापरलेल्या पुंगळ्या घालून तपासलं की ती घट्ट राहते. मगच खरं काय ते कळतं.

सिलिंडर जड फिरत असेल तर चांदणीखाली न जळलेल्या दारूचे कण अडकलेत का बघा. टूथब्रशने काम होतं. सिलिंडर उघडतच नसेल तर बहुधा इजेक्टर रॉड (चांदणीला ढकलणारी दांडी) सैल झालाय. साधारण 1960 नंतरच्या स्मिथमध्ये त्याचे आटे उलटे असतात. ते न बघता पक्कड लावणारे रॉडची वाट लावतात. काडतुसाच्या बुडाची टोपी नीट फुटत नसेल तर मुठीच्या पुढच्या बाजूचा स्ट्रेन स्क्रू (घोड्याच्या स्प्रिंगला ताण देणारा) पूर्ण आवळलेला आहे का पाहा. चाप हलका व्हावा म्हणून कोणीतरी कधीतरी तो सैल केलेला असतो.

सिलिंडर पुढे-मागे हलत असेल तर फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) घ्या. सिलिंडर मागे दाबून आणि पुढे दाबून, नळी व सिलिंडरमधली फट दोनदा मोजा. दोन मापांतला फरक म्हणजे ती हालचाल. नुसती फट साधारण 0.004 ते 0.010 इंच असली तर चिंता नको.

हँड खरंच झिजला असेल तर 'ठोकून लांब करू' म्हणणाऱ्याच्या हाती रिव्हॉल्व्हर देऊ नका. तो उपाय जुन्या कोल्ट कंपनीच्या रिव्हॉल्व्हरचा, आणि तिथेही एकदाच चालतो. स्मिथचा हँड दाताच्या कडेने सरकतो, त्यामुळे तिथे लांबीपेक्षा जाडी महत्त्वाची. किंचित जाड हँड बसवायचा, सगळ्यात उशिरा येणाऱ्या घराला तो जुळवायचा, आणि मग जी घरं अडखळतील त्यांचेच दात अगदी अलगद घासायचे. आधी दातांनाच कानस लावली तर चांदणी गेली म्हणून समजा, आणि जुनी चांदणी मिळवणं सोपं नाही.

आतले भाग झाकणारी बाजूची झाकणपट्टी स्क्रूड्रायव्हरने उचकटू नये. स्क्रू काढून मुठीच्या सांगाड्यावर लाकडी दांड्याने टकटक केलं की ती आपोआप वर येते. कुठला स्क्रू कुठला हे लिहून ठेवावं. पुढचा स्क्रू सिलिंडरचा आधार धरतो, त्यामुळे अदलाबदल झाली की नवंच दुखणं सुरू होतं. भारतात मात्र हे काम घरी करायचं नाही : 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 नुसार शस्त्रदुरुस्तीला वेगळा परवाना लागतो. तपासणीत काय आढळलं ते घरांचे क्रमांक घालून कागदावर लिहा आणि तो कागद परवानाधारक दुकानदाराच्या हाती द्या. नुसतं "टायमिंग गेलंय" म्हणाल तर तोही आधी हँडच बदलेल.