घरच्या सरावभिंतीसाठी लाकडी होल्ड

प्रस्तरारोहणाच्या सरावासाठी घरी उभारलेल्या भिंतीवर रोज चढायचं तर आधी बोटांची कातडी थकते, स्नायू नंतर. रेझिनचे (कृत्रिम राळेचे) खरखरीत होल्ड, म्हणजे भिंतीवर बसवलेले पकडीचे ठोकळे, ती सोलून काढतात, लाकूड सांभाळून घेतं. जर्मन प्रस्तरारोहक वोल्फगांग ग्युलिशने १९८८ मध्ये न्यूरेंबर्गला उभारलेल्या कॅम्पस बोर्डच्या, म्हणजे पाय न टेकवता नुसत्या हातांनी चढायच्या सरावफळीच्या, पट्ट्याही लाकडीच होत्या.

फर्निचर करणाऱ्या सुताराकडे सागवानाचे उरलेले तुकडे मागा. साधारण १५ सेमी लांब, ८ सेमी रुंद, ५ सेमी जाड तुकडा पुरतो. लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेने हव्यात. त्या आडव्या गेल्या, तर भार आल्यावर तुकडा मधोमध फुटू शकतो. गाठ किंवा बारीकशी चीर दिसली तरी तो तुकडा नको.

आकार देण्याआधीच भोक पाडा, कारण चौकोनी ठोकळा शिकंज्यात घट्ट बसतो. आधी २५ मिमीच्या चपट्या बिटने बोल्टच्या डोक्यासाठी अडीच सेमी खोल खळगा करा, मग त्याच्या मध्यातून ११ मिमीचं आरपार भोक. हा क्रम उलटा झाला, तर चपट्या बिटच्या टोकाला धरायला लाकूडच उरत नाही आणि खळगा वेडावाकडा होतो. होल्ड फिरू नये म्हणून दोन्ही टोकांना स्क्रूसाठी एकेक बारीक भोक आधीच पाडून ठेवा.

आता खरं काम. बोटं टेकतात ती वरची बाजू भिंतीकडे किंचित उतरती ठेवा आणि पुढची कड कानशीने चांगली गोल करा, ८ ते १० मिमी त्रिज्येची. इथे घाई अजिबात नको. धारदार कड बोटाच्या सांध्याजवळ रुतते आणि दुखणं मागे लागतं. मधूनमधून ठोकळा हातात धरून जोरात ओढून पाहा. जिथे टोचेल तिथे पुन्हा कानस.

सँडपेपर आधी ८० नंबरचा, मग १२०चा, बस्स. आणखी गुळगुळीत केलं की हात सटकतो. पॉलिश, वॉर्निश लावूच नका. सागाची भुकटी नाकाला, डोळ्यांना त्रास देते, म्हणून मास्क आणि चष्मा हवाच.

१८ मिमी प्लायच्या मागून टी-नट (लाकडात रुतून बसणारा दातेरी चकतीचा नट) ठोका, वॉशर घालून १० मिमी जाडीचा, ५० मिमी लांबीचा बोल्ट आवळा, मग दोन्ही स्क्रू. पहिल्यांदा खाली गादी टाकून हळूहळू वजन द्या. पावसाळ्यात लाकूड फुगतं, नंतर आटतं आणि बोल्ट सैल होतात. दिवाळीच्या सुमारास सगळे पुन्हा आवळा. तडा गेलेला होल्ड गोंदाने चिकटवू नका, काढून टाका.