‘कशावरून?’ विचारत गोष्ट वाचू या

वर्गात मुलांना गोष्ट वाचून दाखवताना दर ओळीला थांबून ‘याचा अर्थ काय?’ विचारायची सवय आधी सोडा. पहिलं वाचन सलग, मोठ्याने आणि तुमच्याच आवाजात होऊ द्या. मुलं कुठे अडलीच तर एका वाक्यात अर्थ सांगून पुढे चला.

खरं कष्टाचं काम गोष्टीतले शिकवायचे शब्द निवडण्याचं, आणि ते आदल्या दिवशीच उरकायचं. वाचनाच्या अभ्यासक इझाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शब्दांचे तीन थर मानले आहेत: रोजच्या बोलण्यातले, लिखाणात वारंवार भेटणारे आणि एखाद्या विषयापुरते. मी मधला थर धरते. ‘सुकाणू’चं चित्र दाखवून भागतं. ‘निमूटपणे’, ‘ओशाळणे’, ‘नाइलाज’ चित्रात मावत नाहीत आणि पुढच्या गोष्टीत पुन्हा भेटतात. एका गोष्टीतले चार-पाच पुरे.

समजा वाक्य आहे: ‘दिनूने आईकडे एकदा पाहिलं आणि निमूटपणे दप्तर उचललं.’ निमूटपणे म्हणजे काय? बहुतेक मुलं म्हणतात, ‘हळूच’. लगेच चूक म्हणू नका. विचारा, दिनूला जायचं होतं का? ‘नव्हतं.’ कशावरून? ‘आईकडे पाहिलं ना त्याने!’ मग हट्ट केला का? इथे अर्थ हाताशी येतो. आता शेजारी ‘गुपचूप’ ठेवा. गुपचूप जाणाऱ्याला कुणी पाहायला नको असतं, निमूटपणे जाणारा सगळ्यांसमोर जातो. एकाला निमूटपणे वही मिटायला सांगा, दुसऱ्याला गुपचूप. वर्गात हशा पिकतो, पिकू द्या.

‘दिनूने काय उचललं?’ असल्या प्रश्नांवर माझा फारसा भरवसा नाही. हे निरर्थक वाक्य बघा: ‘टिपूने झबका लिंबवला.’ टिपूने काय लिंबवलं? झबका! उत्तर बरोबर, कळलं काहीच नाही. म्हणून प्रत्येक उत्तरामागे ‘कशावरून?’ हवं, आणि मुलाने पुस्तकातली ओळ बोटाने दाखवायला हवी.

थोडी मोठी मुलं असतील तर पॅलिन्सार आणि ब्राउन या संशोधकांनी १९८४ मध्ये मांडलेली पद्धत वापरा. पुढे काय होईल याचा अंदाज, प्रश्न विचारणं, अडलेलं सोडवणं आणि सारांश ही चार कामं मुलं आळीपाळीने शिक्षक होऊन करतात. सारांश सगळ्यात जड जातो, कारण मुलं अख्खी गोष्टच पुन्हा सांगतात. मी म्हणते, ‘मित्राला फोनवर सांगायचंय आणि बॅटरी संपत आलीय.’

गोष्ट समुद्रावरची असेल तर वाचनाआधी भरती-ओहोटीबद्दल पाच मिनिटं बोला. विषयाची माहिती नसली तर चांगला वाचणाराही अडखळतो.

निवडलेले शब्द आठवडाभर बोलण्यात येऊ द्या. मुलं ते चुकीच्या जागी वापरणारच. ‘पाऊस निमूटपणे पडत होता’ असं कुणी लिहिलं तर लाल रेघ ओढू नका. विचारा, ‘पावसाला पडायचं नव्हतं का?’ एखादी म्हणेल, ‘नव्हतंच!’ आणि कारणही सांगेल. मग ते वाक्य तसंच राहू द्या.