नाकाच्या ऑपरेशनआधी पेशंटचं मन कसं तपासायचं

पेशंट समोर बसला की आधी हातात आरसा द्या आणि सांगा, काय खटकतंय ते बोटाने दाखवा. नाकावरचा उंचवटा आपल्यालाही दिसला तर ठीक, पण आपल्याला शोधूनही सापडत नाही आणि पेशंट मोबाईलवर झूम केलेले फोटो एकामागून एक दाखवतोय तर घाई नको.

मग विचारा, दिवसातून किती वेळ हेच डोक्यात असतं? तासाच्या वर असेल तर धोक्याची घंटा. यापायी कॉलेज, लग्नकार्य टाळता का, आधी कुठे ऑपरेशन केलंय का आणि त्याने समाधान झालं का, हेही विचारा.

आणि आत्ताच का? हा प्रश्न आईला बाहेर बसवून विचारा, कारण बऱ्याचदा लग्न जमत नाही म्हणून घरच्यांनीच आणलेलं असतं आणि मुलगी त्यांच्यासमोर काही बोलत नाही.

हे सगळं विचारायचं ते बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर ओळखायला, म्हणजे दिसण्यातला नसलेला किंवा अगदी बारीक दोष सतत डोक्यात घोळत राहणं. हा खरा आजार आहे, इटलीच्या मोर्सेली या मनोविकारतज्ज्ञाने १८९१ मध्येच त्याला नाव दिलं होतं, आणि ऑपरेशनने तो सहसा बरा होत नाही, सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी समुपदेशनाची पद्धत) आणि एसएसआरआय गोळ्यांनी (डिप्रेशनवरही देतात त्या) फरक पडतो. जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का हेही स्पष्ट विचारा, विचारल्याने ते वाढत नाहीत.

सायकियाट्रिस्टकडे पाठवताना "सगळं मनाचे खेळ आहेत" असं कृपया म्हणू नका. "तुम्हाला खूप त्रास होतोय, आधी तो कमी करू, नाकाचं नंतर बघू" असं म्हणा, आणि पुढची अपॉइंटमेंट तिथेच लिहून द्या.